मिठाचा तास

फळ्यावर मी वाळवंट काढलं,
म्हणजे काहीच काढलं नाही.
डावीकडे अगादेझ, उजवीकडे बिल्मा,
मधला फळा काळाच ठेवला.
"मॅडम, रस्ता राहिला," इल्यास म्हणाला.
रस्ता असता तर वाटाड्या कशाला लागला असता?
रस्ता त्याच्या एकट्याच्या डोक्यात,
दिवसा वाळूच्या रंगात, रात्री ताऱ्यांत,
आणि त्याचं डोकं दुखलं तर तीनशे उंट
चुकीच्या दिशेनं अगदी शिस्तीत चालायचे.

हसले. बरं झालं.
बाहेर हरमत्तान सुटलाय, खिडकीला पोतं लावलंय,
पंख्याला आता कोणी विचारतही नाही.

मग खेळ.
पिशवीतून मी बिल्माच्या मिठाची ढेप काढली,
करडी, जड, एका टोकाला तुटकी.
पहिला बाक बिल्मा: गुडघाभर खारात उभे राहा.
दुसरा फाशी.
तिसरा, चौथा, पाचवा नुसती वाळू.
थांबायचं नाही. थांबलं की उंट बसतो,
बसला की उठायचं नाव घेत नाही.
बाजरीचं पीठ पाण्यात कालवून
चालता चालताच प्यायचं.
सहावा अगादेझ, सातवा झिंदेर,
आणि शेवटचा कानो, जिथे बाजरी पिकते
पण मीठ पिकत नाही.

पैशांऐवजी शेंगदाणे.
पहिल्या बाकानं ढेप दिली एका दाण्याला,
दुसऱ्यानं दोनाला.
अहमुदूनं मधेच हात पुढे केला,
"वाळवंटाचे माझे चार."
हे मी शिकवलं नव्हतं.
सहाव्या बाकावर दलाल उगवला,
सातव्यावर त्या दलालाचा मेहुणा.
ढेप कानोला पोचली तेव्हा तिचे तीस दाणे झाले होते
आणि कानोत बसलेल्या सलमूकडे होते बावीस,
बाकीचे त्यानं वाट बघता बघता खाल्लेले.
त्यानं थोडा विचार केला,
वाकून ढेपेला सरळ जीभ लावली.
"चव बघायला काय पडतं?"
सगळा वर्ग बाकांवर कोसळला.

मी फळ्याच्या कडेला लिहीत होते
नफा, अंतर, जोखीम,
खडू नखाएवढा उरला होता,
तेव्हा झेनाबूनं बोट वर केलं.
ती दाराशी, चटईवर.
खेळात तिला गाव द्यायचं राहून गेलं होतं.
"परत येताना उंट रिकामे यायचे?"
बाजरी यायची, म्हटलं. कापड यायचं.
"आणि माणसं?"

पुस्तकात त्या पानावर उंटाचं चित्र आहे.
एकच उंट, बाजूनं काढलेला, ओझं झाकलेलं.

माझ्या पणजोबांचे अठ्ठेचाळीस उंट होते.
हे आमच्या घरी मोजून सांगतात.
त्यांच्या मागून पखाली वाहत चालणाऱ्या बायका
कोणी मोजून सांगत नाही.
झेनाबूची आजी अजून
माझ्या आईला पाहिलं की उठून उभी राहते,
आणि आई "बस" म्हणायला
जरा वेळ लावते.

"यायची," मी म्हटलं. "माणसंही यायची."

"किती दाण्यांना?"

शेंगदाणे सगळ्या बाकांवर सांडलेले.
मला हिशेब येतो,
सकाळपासून मी हिशेबच शिकवत होते.

घंटा झाली. मुलं फोलपटं उडवत बाहेर पळाली,
सलमू जाता जाता उष्टी ढेप टेबलावर ठेवून गेला.
तिचं चांगलं टोक तोडून मी झेनाबूपुढे धरलं.
"घरी आहे, मॅडम," ती म्हणाली,
आणि चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुणी कुणाचं खाल्लं, ते आधी ठरायला हवं.

फळा पुसायला घेतला.
अगादेझ पुसलं, बिल्मा पुसलं.
मधल्या भागावर फडका थांबला,
तिथं पुसायचं तर आधी
काहीतरी काढायला हवं होतं.